माहेरची सुटी

पिक्चर बघायला बाबांना मीच नेलं. नेलं कसलं, ओढूनच नेलं म्हणा. श्रावणातला रविवार, बाहेर नुसती चिकचिक, आणि आई गेल्यापासून बाबांचं एकच पालुपद, "मला कुठे जायचं नाही." ऐंशीच्या घरातला माणूस इंदूरच्या छत्रीबागेतल्या वरच्या दोन खोल्यांत एकटा बसून भिंतीकडे बघत असतो. मी दोन गल्ल्या सोडून राहते, सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन येते आणि ते भिंतीकडे बघणं बघते. किती दिवस बघणार? शेवटी म्हटलं, "बाबा, उठता का मी इथेच बसून रडू? मला रडणं छान जमतं, ठाऊक आहे ना." उठले मुकाट्यानं.

एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा जुने परदेशी सिनेमे दाखवतात. प्लास्टिकच्या खुर्च्या, खडखडणारे पंखे आणि मध्यंतरात कचोरी. बाबांना तरुणपणी सिनेमाचं जबरन वेड होतं. परदेशीपुऱ्यातल्या एका मिलच्या ऑफिसात ते कारकून होते, आणि रविवारचा इंग्रजी मॉर्निंग शो त्यांनी कधी चुकवला नाही, हे आई कौतुकानं नाही, तक्रारीच्या सुरात सांगायची. त्या दिवशी इटालियन सिनेमा होता, काळा-पांढरा. एका ननच्या श्रद्धेची गोष्ट आहे, असं दारातल्या कागदावर लिहिलेलं. ते वाचून मी दारातच थबकले. बाबांना घेऊन परत फिरावं असं वाटत होतं, पण ते खुर्चीत बसलेही होते, आणि मशीन लावणारा मागून ओरडला, "आंटीजी, बैठ जाओ ना, पीछे वालों को दिख नहीं रहा."

परत का फिरावंसं वाटलं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

बाबांची धाकटी बहीण, माझी सख्खी आत्या, नन होती. तरुणपणी मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला गेली ती तिथलीच झाली. आमचं घराणं होळकरांच्या दरबारात कारकुनी केलेलं, सोवळं-ओवळं पाळणारं. आजोबांनी खान नदीच्या काठी गुरुजींना बोलावून तिचा घटस्फोट केला. नवरा-बायकोचा असतो तो नव्हे. जिवंत माणूस घराला मेलं, असं जाहीर करायचा जुना विधी असतो. पाण्यानं भरलेला मातीचा घडा पायानं लवंडायचा, अंघोळ करायची, आणि त्या दिवसापासून त्या माणसाला मेलेल्यांत धरायचं. थोरला भाऊ म्हणून पाय बाबांना लावायला लागला. तेव्हा ते जेमतेम नोकरीला लागले होते, आणि आजोबांपुढे उभं राहून बोलायची आमच्या घरात कोणाची टाप नव्हती.

पुढे दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला बाबा पितरांना पाणी देत. पणजोबा, पणजी, मग आजोबा गेल्यावर आजोबा, आजी. आणि सगळ्यात शेवटी बहीण. गुरुजी म्हणायचे, "भगिनी," आणि बाबा ओंजळीतून तीळ घातलेलं पाणी सोडायचे. मी लहानपणापासून ते पाहिलेलं. मला सांगितलेलं होतं, तुला एक आत्या होती, लहानपणीच गेली. मला वाटायचं देवीच्या आजारानं गेली असेल, बिचारी.

आई दवाखान्यात होती तेव्हा कळलं. बाबा दुपारी जेवायला घरी गेले की पांढऱ्या साडीतल्या एक म्हाताऱ्या सिस्टर यायच्या, आईच्या पायांना तेल लावायच्या, आणि बाबा यायच्या आत जायच्या. मला वाटलं दवाखान्यातल्याच असतील. एक दिवस आई म्हणाली, "नमस्कार कर, आत्या आहे तुझी." अगं बाई! जिला मी वर्षानुवर्षं पाणी पिताना पाहिलं, ती समोर उभी राहून मला विचारत होती, "मुसंबी सोलू का गं?"

तेव्हापासून मी आत्याला भेटत होते. ती सांवेर रोडला, शहर संपून सोयाबीनची शेतं सुरू होतात तिथे, म्हाताऱ्या सिस्टरांसाठी एक घर आहे तिथे राहायची. बाबांपुढे मात्र मूग गिळून गप्प. आईनं मला शपथ घातली होती, त्यांनी स्वतः विचारल्याशिवाय सांगायचं नाही म्हणून. आणि त्या उन्हाळ्यात आत्याला पोटाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, दिवाळी बघतील, पुढचं सांगता येत नाही. हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या खुर्चीत बसले होते, आणि शेजारी बाबा कचोरीचा वास कुठून येतोय म्हणून मान वळवून बघत होते.

सिनेमा सुरू झाला. डोंगरातलं एक कॉन्व्हेंट. एका मुलीला नवरीसारखी नटवून, डोक्यावर झिरझिरीत ओढणी घालून देवळात आणतात, आणि मग आत नेऊन तिचे केस कापतात. भला मोठा केसांचा झुपका फरशीवर पडतो. बाबांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की माझी बांगडी रुतली.

मुलगी नन होते. कॉन्व्हेंटच्या भिंतीत एक लाकडी फिरती पेटी असते. बाहेरच्यानं वस्तू ठेवायची, आतल्यानं पेटी फिरवून घ्यायची, एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. त्या मुलीचा भाऊ गावात पाव भाजतो. दर रविवारी तो येतो, पेटीत पाव ठेवतो, पेटी फिरते. तिला फक्त त्याचे पिठाचे हात दिसतात, तेही क्षणभर. तो काही बोलत नाही, तीही नाही. मग गावात साथ येते, ती सेवा करते, पोरं मरतात, आणि तिची श्रद्धा आटते. मोठ्या सिस्टरला जाऊन ती सांगते, मी हाक मारते पण तिकडे कोणी नाही. मोठी सिस्टर म्हणते, हाक मारत राहा. ती राहते. वर्षं जातात, चेहरा सुरकुततो. आणि एका रविवारी पेटी फिरते तेव्हा पाव असतो, पण हात दुसरे असतात. तरुण, स्वच्छ हात. ती पाव छातीशी धरून बसते. संपला सिनेमा.

दिवे लागले. मग तिथे चर्चा करतात. एक निवृत्त प्रोफेसर उठले आणि ईश्वराचं मौन, आधुनिक माणसाचं एकाकीपण, असं बरंच बोलले. दुसरे एक म्हणाले, केस म्हणजे देहाचं प्रतीक. लोक माना डोलवत होते. आणि आमचे बाबा, जे किराणावाल्याशीही दोन वाक्यं बोलत नव्हते, ते उभे राहिले. म्हणाले, "तो भाऊ दर रविवारी यायचा. हे कोणी बघितलं का?"

प्रोफेसर म्हणाले, "हो, हो, तोही एक पैलू आहे." बाबा म्हणाले, "पैलू नाही. दर रविवारी यायचा." आणि खाली बसले. मला रडायचं होतं, पण लोकांसमोर कुठे रडणार.

मशीनवाल्या भियाकडून मी सिनेमा पेनड्राइव्हवर मागून घेतला. बाबांनी तो घरी टीव्हीवर लावला. परत लावला. अख्खा नाही, पेटी फिरते तेवढाच भाग पुढेमागे करून बघायचे. खाली येणारी इंग्रजी अक्षरं त्यांना झरझर वाचता येत नाहीत आता, पण त्या भागात वाचायचं काही नव्हतंच. एका सकाळी मी डबा ठेवत होते, तर पाठमोरेच म्हणाले, "कुठे असते ती?"

मी म्हटलं, "कोण?" उगाच. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"माझी बहीण."

"सांवेर रोडला," मी म्हटलं. "अर्ध्या तासाचा रस्ता आहे, बाबा. अर्ध्या तासाचा." आणि मग मला राग आवरला नाही. कॅन्सरचं सांगितलं, आईच्या पायांना तेल लावायला कोण यायचं ते सांगितलं, सगळं एका दमात सांगितलं. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "रविवारी नेशील?"

रविवारी रिक्षा केली. बाबांनी बेसनाचे लाडू घेतले होते, माझ्याकडूनच करवून घेतलेले, आणि डबा मांडीवर असा धरून बसले होते की जणू आत काचा आहेत. फाटकापाशी उतरले आणि पाय रोवून उभे. घंटा दाबेनात. मी दाबणार तर माझा हात धरला. आत अंगणात आत्या खुर्चीत बसून मेथी निवडत होती. तिनं मान वर केली, बघितलं, आणि तिथूनच म्हणाली, "दादा, चपला घालूनच ये रे. फरशी आत्ताच पुसलीय, घसरशील."

बस. एवढंच. एवढ्या वर्षांनी एवढंच. बाबा चपला घालून आत गेले.

नंतर गुडघ्यांवर बोलले. दोघांचेही डावे गुडघे दुखत होते, आजोबांचाही डावाच दुखायचा, त्यावर बरंच बोलणं झालं. आत्या वाळून काटकी झाली होती, पण जीभ शाबूत. तिची मराठी जुनी, खणखणीत. माझ्यासारखी हिंदीत कालवलेली नाही. म्हणायची, बोलायला कोणी नव्हतं म्हणून खर्चच झाली नाही. लाडू तिनं एकच घेतला, तोही चिमणीसारखा टोकरत. बाबांनी विचारलं, "तिथे... म्हणजे इथे... कसं काय तुझं?" तर म्हणाली, "सासर कसं आहे, असं विचार ना सरळ. सासर चांगलं आहे. नवरा बोलत नाही, एवढंच."

मी म्हटलं, "आत्या, ते आमच्याकडेही तसंच आहे." हसता हसता तिला ठसका लागला, आणि आतून एक केरळची सिस्टर पाणी घेऊन धावत आली.

तेव्हापासून बाबा दर रविवारी जायला लागले. दर रविवारी! मी थकले तर एकटे रिक्षा करून जायचे. गणपतीत मोदक घेऊन गेले. एका रविवारी मी लॅपटॉप नेला आणि तो इटालियन सिनेमा आत्याला दाखवला. बाबांचा हट्ट. केरळच्या, झारखंडच्या सगळ्या म्हाताऱ्या सिस्टर खुर्च्या ओढून बसल्या. हॉलमध्ये लोक श्वास रोखून बघत होते, तर इथे नुसता दंगा. "इतकं पांढरंशुभ्र कोण धुतं गं?" आत्या म्हणाली. "साबण कुठला वापरतात विचारा. आणि श्रद्धेचा विचार करायला हिला वेळ बरा मिळतो. आमच्या दवाखान्यात बाळंतिणींची रांग असायची, देवाचा विचार करायला मुतायला जायच्या वाटेवर वेळ मिळायचा." केसांच्या जागी मात्र सगळ्या शांत झाल्या. एकीनं नकळत पदराखालून डोक्यावर हात फिरवला.

सिनेमा संपल्यावर बाकीच्या प्रार्थनेला गेल्या. आत्याला बसवत नव्हतं, ती पलंगावरच राहिली. बाबांनी विचारलं, "तुझी गेली होती का कधी? श्रद्धा?"

"गेली होती ना. झाबुआकडे होते तेव्हा. गोवरानं पोरं पटापट जायची. संध्याकाळी प्रार्थनेला बसायचे, ओठ हलायचे, आत कोणी नसायचं. बरेच दिवस तसे गेले."

"मग परत आली?"

आत्या म्हणाली, "दादा, तुमच्या छत्रीबागेत नर्मदेचं पाणी येतं ना? रोज येतं का?"

"एक दिवसाआड," बाबा म्हणाले. "कधी तेही नाही."

"मग न आलेल्या दिवशी नळ उपटून टाकता का? बादली लावून ठेवतो ना आपण. तसंच. मी बादली लावून ठेवली." आणि मग हळूच, बाबांकडे न बघता, "पाणी अजून देता का मला? अमावास्येला?"

मी कधी सांगितलं नव्हतं तिला. आईनं सांगितलं असेल, किंवा आजोबांचा स्वभाव तिला पुरता ठाऊक होता. बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "देतो."

"तरीच. भाद्रपदात मला तहान म्हणून लागत नाही कधी."

ती हसत होती. बाबा नाही हसले. बाबांनी तिचा हात हातात घेतला आणि ते रडायला लागले. मोठ्यानं, तोंड वेडंवाकडं करून. आई गेली तेव्हाही असे रडले नव्हते. "नाही देणार," म्हणाले. "या वर्षी नाही देणार. तू आहेस."

त्या दिवशी निघताना आत्यानं एक गोष्ट सांगितली. ती माझ्या मनातून जात नाही. सिस्टरांना दर काही वर्षांनी घरी जायची सुटी मिळते. माहेरपणच म्हणा ना. आत्यालाही मिळायची. पण जायचं कुठे? तर ज्या सिस्टरची सुटी असेल तिच्याबरोबर, तिच्या गावी जायची. "केरळ पाहिलं," ती बोटांवर मोजत म्हणाली, "झारखंड पाहिलं, मंगळूर पाहिलं. सगळ्यांच्या आयांच्या हातचं खाल्लं. छत्रीबाग तेवढी राहिली." मग म्हणाली, "दादा, एक रात्र ने ना रे मला घरी. लहानपणी बसायचे त्या खिडकीत बसायचंय फक्त."

वर जायला आमचा जिना अरुंद. मी म्हटलं, खुर्चीत बसवून उचलून नेऊ, गल्लीतली चार पोरं हाक मारली की येतात. बाबा तर नवरीमुलगी आणायची असल्यासारखे कामाला लागले. खिडकीजवळची खाट झटकली, गादी उन्हात टाकली. दुकानात जाऊन महेश्वरी साडी आणली. पांढरी, बारीक काठाची, कारण तिला रंगीत चालत नाही, आणि त्या काठावरून दुकानदाराशी वाद घालून आले. मोठ्या सिस्टरांकडे परवानगी मागितली. त्यांनी वरती विचारते म्हणून सांगितलं. त्यात आठवडा गेला. होकार आला तो नेमका अनंत चतुर्दशीला. त्या दिवशी इंदुरात मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात, निम्मं शहर बंद, रिक्षा काय, माणूस हलत नाही रस्त्यातून. मी म्हटलं, ठीक, उद्या आणू.

बाबांनी कॅलेंडर पाहिलं. म्हणाले, "उद्यापासून पितृपक्ष."

"मग?"

"पितृपक्षात माहेरवाशीण आणतात का?"

माझं डोकंच सणकलं. म्हटलं, "बाबा, ती नन आहे! तिला कसला पितृपक्ष? आणि डॉक्टर काय म्हणाले, विसरलात?" ते खिडकीपाशी उभे होते, हातात ती साडीची पिशवी. अगदी शांतपणे म्हणाले, "मेलेल्यांच्या पंधरवड्यात तिला या घरात नाही आणायचं. इतकी वर्षं ती त्याच पंधरवड्यात आली आहे, मेलेली म्हणून. आता नाही. आता घटस्थापनेला येईल. दारात औक्षण करू, ओटी भरू. जिवंत माणूस येतं तशी येईल."

मी भांडले. भांडून उपयोग नव्हता, आणि खरं सांगते, त्यांचं म्हणणं मला कळत होतं, म्हणून जास्त राग येत होता. शेवटी आत्यालाच फोन लावून सगळं सांगितलं, म्हटलं हीच त्यांना समजावेल. तिकडून तिचा आवाज, दमलेला, "दादा बरोबर म्हणतो गं. पितरांत नको. घटस्थापनेला येते. नवरात्रात माहेरपण, मजा आहे माझी." आणि बाबांना म्हणाली, "पण खिडकी उघडी ठेव हां."

बाबांनी खिडकी त्याच दिवशी उघडली. पावसाची झड आत यायची, गादी ओली व्हायची, तरी उघडीच.

पंधरवडा सरत आला. अमावास्येला दोन दिवस राहिले होते. सकाळी मी पोळ्या लाटत होते, केरळच्या सिस्टरचा फोन आला. हिंदी तिची मोडकी. म्हणाली, "दीदी, सिस्टर चली गई. प्रेअर के टाइम पे." मी लाटणं हातात घेऊनच दोन गल्ल्या पळत गेले. बाबा खिडकीत होते. माझ्याकडे बघितलं, लाटण्याकडे बघितलं. मला बोलावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दफनभूमीत गेलो. बाबांनी साडीची पिशवी बरोबर घेतली होती. धड हातात धरवेना, धड कोणाला देववेना. शेवटी केरळच्या सिस्टरनं विचारलं, "अंकल, सिस्टर के लिए?" आणि ती महेश्वरी घडीसकट आत्याच्या हातांखाली ठेवली. पेटी बंद केली. खाली सोडली. पाद्री म्हणाले, "घर वाले पहले मिट्टी दें." सगळ्या सिस्टर मागे सरल्या. बाबांनी चपला काढल्या, वाकले, गुडघ्यानं साथ दिली नाही तर मी धरलं. मूठभर माती घेतली आणि टाकली. मग तिथेच उभे राहिले, त्या मातीच्या हाताकडे बघत. मलाही तो सिनेमाच आठवत होता. पण आम्ही दोघं त्यावर काही बोललो नाही, नंतरही कधी नाही.

घरी येऊन त्यांनी अंघोळ केली, देवघराला पडदा लावला. मला वाटलं, दमलेत, झोपतील. तेवढ्यात गुरुजींचा फोन आला. उद्या सर्वपित्री, तर्पणाला किती वाजता येऊ, म्हणून. फोन मीच उचलला. म्हटलं, "गुरुजी, उद्या नाही जमायचं, आत्या वारल्या आमच्या. सूतक आहे बहुतेक."

गुरुजी म्हातारे, आमच्या घराची सगळी कुळकथा त्यांना पाठ. सज्जन माणूस, वाईट वाटून घेऊनच म्हणाले, "अरे रे. पण बेटा, त्यांचं सूतक नाही लागत. त्यांचा तर घट फुटला होता ना, तुझ्या आजोबांच्या वेळी. तेव्हाच सगळं झालं. उलट आपण दरवर्षी पाणी देतोच त्यांना, उद्याही देऊ. बाबांना सांग, शास्त्रानं काही अडचण नाही."

मी फोन हातात धरून बाबांकडे वळले. त्यांनी ऐकलं होतं. स्पीकर चालू होता, माझा फोन नेहमी स्पीकरवरच असतो, मुलं ओरडतात त्यावरून. बाबा उठले. भिंतीला धरत आले, फोन घेतला. खिडकी उघडी होती, खाली गल्लीत कोणीतरी भंगारवाला ओरडत होता, त्याचं ओरडणं संपेपर्यंत थांबले.

"गुरुजी," म्हणाले, "दहा दिवस येऊ नका. पाणी नाही, घटस्थापना नाही, काही नाही. सूतक आहे आमच्या घरात." मग फोन तोंडाजवळ धरून म्हणाले, "माझी बहीण काल गेली."